म्हापशातील जुन्या पुस्तकांचे एक दुकान आणि तिथून आणलेला 'आयर्विन' गठ्ठा

म्हापशाच्या बाजारपेठेत, शुक्रवारच्या बाजाराची गर्दी जिथे विरळ होत जाते अशा एका गल्लीत, जुन्या पुस्तकांचे एक छोटे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही आणि आपले नाव छापून येऊ नये अशी मालकांची मनापासूनची इच्छा असल्यामुळे मीही ते येथे देत नाही. बाजारात कोणत्याही फुलवालीला 'पुस्तकांचे भाई कुठे बसतात' असे विचारले तरी ती बोटाने दाखवते. गेली काही वर्षे मी तेथून सुटी पुस्तके घेत आलो आहे. त्याबद्दल स्वतंत्र लेख लिहावा असे काही नव्हते. या पावसाळ्यात मात्र मी त्यांची 'गठ्ठा' ही सोय पहिल्यांदा वापरली, आणि ज्यांना एखाद्या माणसाचे किंवा काळाचे चरित्र नीट, सावकाश वाचायचे आहे त्यांना ती कळावी म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

सोय अशी आहे. आपण एक विषय सांगायचा. भाई तो वहीत लिहून घेतात आणि महिना-दीड महिन्यात त्या विषयावरची जुनी पुस्तके, भाषणांचे संग्रह, मासिकांचे अंक, कात्रणे असे मिळेल ते गोळा करून सुतळीने बांधून ठेवतात. गठ्ठा घरी न्यायचा, तीन आठवडे वाचायचा, हवे ते ठेवून बाकीचे परत करायचे; परत केलेल्या पुस्तकांच्या किमतीचा दहावा हिस्सा दुकान कापून घेते. मी अनामत रक्कम पुढे केली तेव्हा भाई म्हणाले, "मास्तर, आदीं वाचून पळयात, मागीर पयशे दियात." (आधी वाचून पाहा, मग पैसे द्या.) जुन्या पुस्तकांच्या व्यापारात हा विश्वास मी अन्यत्र पाहिलेला नाही.

मी सांगितलेला विषय होता लॉर्ड आयर्विन. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील ब्रिटिश सरदार घराण्यातला हा राजकारणी माझ्या आयुष्यात तीन ठिकाणी भेटत राहिला होता आणि तिन्ही ठिकाणी अर्धवटच. माझी बहीण सांगलीला दिलेली आहे. दर पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की 'आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट' हा प्रश्न आमच्या घरी फोनवरून विचारला जातो, चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे आम्हाला पाठ आहे, पण १९२९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पुलाला ज्याचे नाव दिले तो माणूस कोण, हे कोणी विचारत नाही. दुसरे, शिक्षक होण्यासाठी आम्ही भारतातील शिक्षणाविषयीचा १८५४ चा 'वुडचा खलिता' घोकला. तो लिहिणारे सर चार्ल्स वुड हे आयर्विन यांचे सख्खे आजोबा, हे मात्र निवृत्तीनंतर कळले. आणि तिसरे म्हणजे मीठ. माझे आजोळ पेडणे तालुक्यातल्या आगरवाड्याचे, मिठागरांच्या कडेचे. तेरेखोल ओलांडून पुढे गेले की शिरोडा लागते, जिथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. त्या सत्याग्रहाच्या दिवसांत दिल्लीच्या गादीवर व्हाइसरॉय म्हणून हाच माणूस होता.

सहा आठवड्यांनी गठ्ठा मिळाला. त्यात दोन इंग्रजी चरित्रे होती, एक गौरवाचे आणि दुसरे कठोर परीक्षण करणारे. व्हाइसरॉय असतानाच्या भाषणांचा एक जाड खंड होता. गांधीजींच्या पत्रव्यवहाराचा एक भाग होता. ब्रिटनच्या १९३८ च्या परराष्ट्रधोरणावर तुटून पडणारे एक टीकापर पुस्तक होते. १९३०-३१ मधील मराठी कात्रणे चिकटवलेली एक वही होती. आणि सर्वांत तळाशी, मी मागितलेली नसलेली, एक पातळ पुस्तिका होती. तिच्याबद्दल पुढे लिहीन. प्रत्येक पुस्तकात भाईंनी आकडा घातलेली चिठ्ठी ठेवली होती, म्हणजे वाचनाचा क्रम. मी तो पाळला, आणि या सोयीचे खरे मोल त्या क्रमातच आहे असे माझे मत झाले. गौरवाचे चरित्र पहिले. ते निम्मे वाचून झाले की गांधीजींची पत्रे. मग कात्रणांची वही. त्यानंतरच कठोर चरित्र. एकाच प्रसंगाकडे तीन दारांतून पाहायला लावणारी ही मांडणी एखाद्या जाणत्या प्राध्यापकाला शोभावी अशी आहे.

आयर्विन यांचे मूळ नाव एडवर्ड वुड. त्यांचा जन्म १८८१ मध्ये डेव्हनमधील पावडरहॅम कॅसलमध्ये झाला. ते चौथे मुलगे; पण नऊ वर्षांचे होईपर्यंत तिन्ही थोरले भाऊ वारले आणि यॉर्कशरमधल्या मोठ्या वतनाचा वारसा या एका मुलावर येऊन पडला. डावा हात जन्मतः खुजा, पंजाच नसलेला. वडील चर्चच्या चळवळीत बुडालेले, अतिशय धर्मनिष्ठ. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, एका हाताने घोडा आवरून शिकारीला जाण्याची हौस आणि रोजची प्रार्थना, या तीन गोष्टी त्यांच्या प्रत्येक वर्णनात येतात. ईटन, ऑक्सफर्ड, ऑल सोल्सचे फेलो, १९१० पासून रिपनचे खासदार, मग वसाहतखात्याचे उपमंत्री, शिक्षणमंत्री, शेतीमंत्री. हा भाग दोन्ही चरित्रांत रेंगाळत गेला आहे आणि वाचकाने तो भरभर ओलांडला तरी चालेल. १९२५ मध्ये त्यांना बॅरन आयर्विन केले गेले आणि एप्रिल १९२६ मध्ये ते व्हाइसरॉय म्हणून मुंबईला उतरले.

यापुढचे पाच वर्षांचे वाचन मी अतिशय सावकाश केले. गौरव-चरित्रकार त्यांना 'ख्रिस्ती व्हाइसरॉय' म्हणून रंगवतात, आणि तसे म्हणायला आधार आहे. पण १९२७ मध्ये एकही भारतीय नसलेले सायमन कमिशन नेमले गेले, ते त्यांच्याच संमतीने. पुढच्या वर्षी लाहोरला निदर्शनात लाला लजपतराय लाठीने जखमी झाले आणि नोव्हेंबरमध्ये वारले. ही चूक आपण केली याची जाणीव आयर्विन यांना झाली असावी, कारण ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी त्यांनी भारताच्या घटनात्मक प्रगतीचे साध्य वसाहतीचे स्वराज्य हेच आहे, असे जाहीर केले आणि त्याबद्दल स्वतःच्याच पक्षातल्या लोकांचा रोष ओढवून घेतला. २३ डिसेंबरला दिल्लीजवळ त्यांच्या गाडीखाली बाँब फुटला. ते वाचले, आणि त्याच दिवशी गांधी, मोतीलाल नेहरू, जीना, सप्रू आणि विठ्ठलभाई पटेल यांच्याशी ठरलेली भेट त्यांनी पार पाडली. भेटीतून काही निघाले नाही. आठवड्याभरात लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला.

येथे भाईंच्या चिठ्ठीने मला चरित्र मिटून पत्रांकडे वळवले. २ मार्च १९३० चे गांधीजींचे पत्र मी पूर्वी उताऱ्यांत वाचले होते. संपूर्ण पत्र प्रथमच वाचले. आपल्या मित्राला लिहावे तशी सुरुवात करून गांधीजी त्यांना त्यांच्याच पगाराचा हिशेब घालतात: महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० च्या वर, आणि भारतीय माणसाची सरासरी मिळकत दिवसाला दोन आण्यांहून कमी. कोठेही शिवी नाही, उपहास नाही, केवळ भागाकार. भाषणांच्या खंडात व्हाइसरॉयची भारदस्त, घोळदार इंग्रजी वाचून झाल्यावर हा भागाकार वाचला की दोन माणसांमधले अंतर आणि जवळीक दोन्ही एकदम दिसतात. एका भाषेत देव आणि कर्तव्य, दुसऱ्या भाषेतही देव आणि कर्तव्यच. फक्त हिशेबाची वही वेगळी.

पुढे दांडीयात्रा, ५ मे रोजी गांधीजींना अटक, देशभर हजारो लोक तुरुंगात. कात्रणांच्या वहीत सोलापूरची पाने आहेत: मे १९३० मधला लष्करी कायदा, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेलेले मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, २६ जानेवारीला, त्याच व्हाइसरॉयने गांधीजींना बिनशर्त सोडले आणि १७ फेब्रुवारीपासून दोघे दिल्लीत समोरासमोर बसले. इंग्रजी चरित्रांत सोलापूर जवळजवळ नाही. कात्रणांत गठ्ठा बांधणाऱ्या भाईंनी ते मध्यभागी ठेवले आहे. मराठी वाचकासाठी मराठी माणसाने केलेली निवड ती हीच, आणि याकरिता मी भाईंचा ऋणी आहे.

५ मार्च १९३१ चा करार शाळेत आपण दोन ओळींत शिकवतो. कराराची कलमे मुळातून वाचली तेव्हा मिठाच्या कलमापाशी मी बराच वेळ थांबलो. मिठावरचा कायदा रद्द झाला नव्हता. फक्त ज्या गावांच्या लगत मीठ गोळा करता येते किंवा पिकवता येते तेथल्या रहिवाशांना घरी वापरण्यासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी ते घेण्याची मुभा मिळाली; गावाबाहेर विकायचे नाही. कागदावर ही सवलत क्षुल्लक वाटेल. पण आगराच्या बांधावर ज्याने उन्हात पांढरी होत जाणारी कोंड पाहिली आहे, फळीने ओढून केलेल्या मिठाच्या राशी पाहिल्या आहेत, त्याला समोरचे मीठ उचलणे हा गुन्हा होता आणि आता तो गुन्हा राहिला नाही, यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. शिरोड्यात लाठ्या खाल्लेल्यांना तो कळला असणार.

आता त्या पातळ पुस्तिकेविषयी. विषय सांगताना मी बोलण्याच्या ओघात आजोळच्या मिठागरांचा उल्लेख केला होता. भाईंनी तो लक्षात ठेवला आणि गोव्याच्या मिठावर १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहाची माहिती देणारी एक जीर्ण पुस्तिका गठ्ठ्याच्या तळाशी, किंमत न लिहिता, ठेवून दिली. त्या तहाने वर्षाला चार लाख रुपयांच्या बदल्यात गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर इंग्रजांचे नियंत्रण आले, कित्येक आगरे बंद पडली, आणि १८९२ पर्यंत हे चालले. म्हणजे शिरोड्याच्या आधी पन्नास वर्षे हेच मीठ तेरेखोलच्या आमच्या बाजूलाही कायद्यात अडकले होते. आयर्विन यांच्या चरित्रात या पुस्तिकेला तसे स्थान नाही. पण गोमंतकीय वाचकाला ते चरित्र कोठून वाचायला सुरुवात करायची हे या पुस्तिकेने दाखवले. ज्या १९३० साली दिल्लीचा व्हाइसरॉय आधी तुरुंग भरून मग का होईना वाटाघाटीला तयार होत होता, त्याच साली लिस्बनमध्ये पोर्तुगीज सत्ताधारी सालाझारने वसाहतींचा कायदा आणून आमच्यासाठी बोलण्याचा दरवाजाच बंद केला. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापणाऱ्या त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हांच्या समोर बसायला कोणी आयर्विन नव्हता.

तरीही आयर्विन यांच्याविषयी माझे मन निवळू शकले नाही. करारानंतर अठरा दिवसांनी, २३ मार्चला, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी देण्यात आली. दया दाखवण्याचा अधिकार ज्याच्या हातात होता त्याने तो वापरला नाही. गौरव-चरित्रकाराने यावर एक परिच्छेद लिहिला आहे आणि तो मला अपुरा, किंबहुना पळपुटा वाटला. कठोर चरित्रकाराने या निर्णयाचा संबंध पक्षातील विरोधकांशी जोडला आहे. त्याच फेब्रुवारीत चर्चिल यांनी अर्धनग्न फकीर व्हाइसरॉयच्या राजवाड्याच्या पायऱ्या चढतो आहे असे किळसून म्हटले होते, हे लक्षात घेतले की आयर्विन यांच्यावरचे दडपण समजते. समजते, पण राजगुरूंचे गाव ज्यांना आपले वाटते त्यांना ते पुरत नाही.

कठोर चरित्राचा उत्तरार्ध हा या गठ्ठ्यातला सर्वांत मौल्यवान भाग आहे. १९३४ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर आयर्विन लॉर्ड हॅलिफॅक्स झाले. नोव्हेंबर १९३७ मध्ये शिकारीच्या प्रदर्शनाचे निमित्त करून ते जर्मनीला गेले आणि बेर्ख्टेसगाडेनला हिटलरला भेटले. मोटारीतून उतरताना समोर काळी विजार आणि बूट दिसले, तो नोकर आहे असे समजून ते आपला कोट त्याच्या हाती देणार होते. तो हिटलर होता. पुढे बोलण्यात हिंदुस्थानचा विषय निघाला तेव्हा हिटलरने त्यांना सल्ला दिला की गांधींना गोळी घाला, आणि तेवढ्याने भागले नाही तर काँग्रेसच्या आणखी पुढाऱ्यांना घाला. ज्या माणसाने सहा वर्षांपूर्वी त्याच गांधींबरोबर बसून करार केला होता त्याच्या कानावर हे शब्द पडले. तो उठून गेला नाही. आपण शांतपणे, धीराने, प्रामाणिकपणे बोललो तर समोरचाही कधीतरी बोलता होईल, हा दिल्लीत त्याला मिळालेला धडा होता, आणि तो धडा घेऊनच फेब्रुवारी १९३८ मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला. दिल्लीत तो फळला कारण समोर गांधी होते. हा या चरित्राचा गाभा आहे असे मला वाटते, आणि गठ्ठ्याच्या क्रमामुळेच तो मला दिसला. दिल्लीची पाने ताजी असताना म्युनिक, म्हणजे १९३८ मध्ये झेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देणारा करार, वाचला नसता तर हॅलिफॅक्स यांना केवळ भित्रा ठरवून मी मोकळा झालो असतो.

येथेच गठ्ठ्यातला मुख्य दोष उघडा पडला. कठोर चरित्रातला एक संपूर्ण फर्मा, म्हणजे सोळा पाने, गहाळ होता, आणि तो नेमका सप्टेंबर १९३८ चा. जर्मनीतील गोडेसबर्गहून हिटलरच्या वाढीव मागण्या घेऊन पंतप्रधान चेंबरलेन परतले, हॅलिफॅक्स आधी चेंबरलेन यांच्या बाजूने झुकले, आणि खात्यातले अधिकारी कॅडोगन यांच्याशी बोलणे झाल्यावर रात्रभर झोप न लागता २५ सप्टेंबरला मंत्रिमंडळात त्यांनी आपले मत फिरवले, हा साऱ्या चरित्राचा तिढा. मी पान उलटले आणि एकदम महिना ऑक्टोबर झाला. पुस्तक देताना पाने मोजून घेणे हे दुकानाचे काम आहे आणि ते झाले नव्हते. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा भाईंनी सबब सांगितली नाही. पुस्तक हातात घेऊन शिलाई तपासली, दोरा तुटला होता हे मला दाखवले, आणि पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडे दुसरी प्रत आहे का याची त्याच वेळी फोनवरून चौकशी केली. एकोणीस दिवसांनी त्या सोळा पानांची जाड कागदावर काढलेली झेरॉक्स, मूळ फर्म्याच्या आकारात कापून, नव्याने शिवून मिळाली. पुठ्ठा नवा, अस्तराचा कागद नवा. खळीत मोरचूद घातल्याचा तो ओळखीचा वास आजही पुस्तक उघडले की येतो. किमतीतून दीडशे रुपये कमी केले. पानांवरचे अक्षर थोडे फिकट आहे, वाचायला अडचण नाही.

आणखी काही गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. दोन पुस्तकांना कसर लागलेली होती. गोव्यातल्या पावसात हे टाळणे कठीण असले तरी गठ्ठा बांधण्यापूर्वी ती पुस्तके उन्हाला दाखवायला हवी होती. कात्रणांवर तारखा आहेत, पण काहींवर वर्तमानपत्राचे नाव नाही, त्यामुळे अभ्यासकाला त्यांचा उपयोग मर्यादित राहील. हॅलिफॅक्स यांच्या १९३१ नंतरच्या आयुष्यावर गठ्ठ्यात मराठीतून एक ओळही नाही. त्यांनी स्वतः १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणीही हव्या होत्या. ते पुस्तक भाईंना मिळाले नाही आणि त्यांनी तसे आधीच सांगितले होते. मे १९४० मध्ये पंतप्रधानपद जवळजवळ हातात आलेले असताना आपण उमरावांच्या सभागृहात बसतो हे कारण पुढे करून त्यांनी ते चर्चिल यांच्याकडे जाऊ दिले. त्या दिवसांबद्दल स्वतः ते काय म्हणतात हे वाचण्याची माझी इच्छा अपुरी राहिली आहे. वॉशिंग्टनमधील वकिलातीची पाच वर्षे दोन्ही चरित्रांत आहेत, परंतु तो माझा विषय नव्हता.

दुकान सकाळी दहाला उघडते, दुपारी एक ते चार बंद असते आणि सातनंतर भाई थांबत नाहीत. शुक्रवारी गठ्ठ्याची चर्चा करायला जाऊ नये, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. गठ्ठ्याची एकूण किंमत २,३५० रुपये सांगितली होती. मी कठोर चरित्र, पत्रांचा भाग आणि कात्रणांची वही ठेवून घेतली. गौरव-चरित्र, भाषणे आणि १९३८ वरचे टीकापुस्तक परत केले. मिठाच्या पुस्तिकेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा ते म्हणाले की ती आगरवाड्यालाच जायला हवी होती.

पुढचा गठ्ठा मी वुडच्या खलित्याचा सांगितला आहे, आजोबांपासून पुन्हा सुरुवात करावी म्हणून. भाईंनी वहीत लिहून घेतले आणि दिवाळीनंतर यायला सांगितले आहे.